धमकी, एनसी आणि जामीन



मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग झाला आणि मावळातली जमीन एकराऐवजी गुंठ्यावर विकली जाऊ लागली. तेव्हापासून बांध, वहिवाटीचा रस्ता, सातबाऱ्यावरचं बहिणीचं नाव, यांतल्या कशावरूनही ‘तुला जिवंत ठेवत नाही’ हे ऐकावं लागलेली माणसं आपल्या तालुक्यात गावोगाव आहेत. अशी धमकी देणाऱ्याला जामीन मिळावा का, यावर आज बोलायचं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. जिवे मारण्याच्या धमकीला पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ५०६ लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१(३) लागतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या परिशिष्टात हाच गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. त्याच परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात इतर कायद्यांखालच्या गुन्ह्यांसाठी सर्वसाधारण नियम दिला आहे: शिक्षा तीन ते सात वर्षांची असेल तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. धमकीला मात्र हा नियम नाही.

ठाण्यात त्याचा परिणाम असा होतो. अंमलदार तक्रार ऐकतो, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करतो, नक्कल हातात देतो आणि ‘न्यायालयात दाद मागण्याची समज देण्यात आली’ असा शेरा मारतो. त्याने कायदा मोडलेला नसतो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्याला तपासच करता येत नाही. तोच धमकी देणारा ‘दोन लाख दे, नाहीतर मारतो’ असं म्हणाला असता, तर ती खंडणी ठरली असती. कलम ३०८(४), दखलपात्र, अजामीनपात्र. पोलीस त्याच रात्री त्याच्या दारात उभे राहिले असते. ‘तुझा माहिती अधिकाराचा अर्ज मागे घे, नाहीतर मारतो’ म्हणाला, तर एनसी. जीव दोन्हीकडे तोच आणि शिक्षाही तेवढीच. मग पैशाच्या मागणीने एवढा फरक का पडावा? मला हे मान्य नाही.

सतीश शेट्टी आपल्या तळेगाव दाभाड्याचे. माहिती अधिकार वापरून त्यांनी मावळातले जमिनीचे व्यवहार उघडे केले. जिवाला धोका असल्याचं सांगून पोलीस संरक्षण मागितलं. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला बाहेर पडलेले असताना त्यांचा खून झाला. तपास पुढे सीबीआयकडे गेला. त्याच्या खाचाखोचांत मी शिरत नाही. पण ज्याने धोका आधी सांगितला होता, तो माणूस आपण वाचवू शकलो नाही, हे मावळाने विसरू नये.

मग धमकीचा गुन्हा सरसकट अजामीनपात्र करा, असं कुणी म्हणेल. उत्तर प्रदेशाने १९८९ मध्ये अधिसूचना काढून तसं केलं. त्यासाठी वापरलेला अधिकार १९३२ च्या कायद्यातला, म्हणजे इंग्रजांनी सविनय कायदेभंग चिरडायला केलेल्या कायद्यातला होता. आपल्याकडेही २०१० च्या कायद्याने रुग्णालयात डॉक्टर-परिचारिकांना धमकावणं अजामीनपात्र केलं. तिथे जागा ठरलेली, कामावरचा माणूस ठरलेला, म्हणून ते मला पटतं. बांधावरच्या भांडणाचं तसं नाही. ‘शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली’ हे वाक्य जवळपास प्रत्येक भाऊबंदकीच्या तक्रारीत शेवटी येतंच. त्या एका वाक्यावर माणूस येरवड्याला जाणार असेल, तर आधी जाईल तो कातकरी आणि कुळाचा मुलगा. ज्याच्याकडे वकील तयार आहे तो अटकपूर्व जामीन घेऊन घरी बसेल. जामीन मिळाला तरी गरिबाची सुटका होतेच असं नाही. १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाला त्यात हात घालावा लागला.

माझी मागणी वेगळी आहे. कलम ३५१(३) दखलपात्र करा, म्हणजे तपास पहिल्याच दिवशी सुरू होईल. जामीन हक्काचाच राहू द्या, पण त्याला अटी घालण्याचा अधिकार न्यायालयाला द्या: तक्रारदाराच्या घराकडे फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, माणसं पाठवायची नाहीत. आज जामीनपात्र गुन्ह्यात अशा अटी घालता येत नाहीत, बंधपत्र घेऊन सोडावंच लागतं. अशी अट घालता आली आणि ती मोडली, तर मात्र आत. धमकी मिळालेल्या बाईला हवं असतं ते एवढंच, की तो माणूस उद्या तिच्या दारात दिसू नये.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. एनसीत ‘धमकी दिली’ एवढंच लिहू देऊ नका. बोललेले शब्द, वेळ, जागा, ऐकणारे कोण, सगळं नोंदवून घ्या. नक्कल घेऊन वडगावच्या न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(२) खाली तपासाच्या आदेशासाठी अर्ज करा. त्याच संहितेच्या कलम १२६ खाली चॅप्टर केस करायला लावा; त्यात शांतता राखण्याचं एक वर्षापर्यंतचं बंधपत्र लिहून घेता येतं. याच संहितेप्रमाणे ठाण्याला एनसींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. तुमची एनसी त्या अहवालात गेली का, हे ठाण्यात जाऊन विचारा.