लेबलचे यंत्र आणि आपली बोटे



1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली आणि पुढे हे गाव बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. बियाण्याच्या पिशवीवरील वाण, लॉट नंबर व उगवणशक्ती शेतकऱ्याला लेबलावरूनच कळते. आपली काही मुले उद्या लेबल लावणाऱ्या यंत्रापाशी उभी राहतील. त्यांना चार गोष्टी सांगतो.

यंत्र सुरू करण्यापूर्वी सैल बाह्या, रुमाल, ओढणी आवरा. अंगठी व घड्याळ काढून ठेवा. रुळांवरचे झाकण जागेवर आहे ना, लाल बटण दाबताच यंत्र थांबते ना, हे पाहा. कागद अडकला की हात नकळत आत जातो आणि तेथेच घात होतो. आधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. यंत्र हवेच्या दाबावर चालत असेल तर हवाही सोडा. रूळ पूर्ण थांबल्यावरच कागद काढा, डिंक पुसा. सेन्सरवर धूळ बसू देऊ नका. लॉट बदलला की जुने रीळ उतरवा आणि पहिली पिशवी वाचून पाहा. चुकीच्या लेबलाने शेतकऱ्याचा हंगाम बुडतो.

पालकहो, मुलाला पगार किती, एवढेच विचारू नका. यंत्रावर झाकण असते का, हेही विचारा. मुलांनो, काम लवकर उरकण्यासाठी कोणी झाकण काढायला सांगितले, तर अदबीने पण ठामपणे नाही म्हणा. थांबलेले यंत्र पुन्हा चालू करता येते. गेलेले बोट परत येत नाही.