पैसे देऊन व्यायाम
(आपल्या ज्ञातिमंडळाच्या बीड येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि वधूवर-परिचय या दोन मोठ्या कार्यक्रमांच्या मध्ये आमचे हे भाषण बसविण्यात आले आहे. पालकांचे लक्ष पुढच्या कार्यक्रमाकडे लागलेले असणार, हे आम्ही जाणून आहो. तरीही कार्यकारी मंडळापुढे आलेल्या एका अर्जाविषयी बोलण्याचे काम आमच्याकडे आले आहे. मंडळाच्या सभागृहात रोज एक तास सामुदायिक व्यायामाचा वर्ग भरवावा व प्रत्येकाकडून मासिक फी घ्यावी, असा तो अर्ज आहे. त्यावरील चर्चेत, व्यायामाला पैसे कशाला, हा सूर सर्वांत मोठ्याने लावणाऱ्यांत आम्हीच होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचे म्हणणे तेव्हा असे होते. पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक आणले. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे 2022 साली बर्मिंगहॅमला 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत धावले व रौप्यपदक घेऊन आले. 2023 साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत त्यांनी सुवर्ण मिळविले. शेतकऱ्याचे पोर पायी शाळेला जाऊन येथवर पोचते, आणि आपण झुंब्याच्या तासाला फी भरावी काय? टाळ्या पडल्या आणि आम्ही समाधानाने खाली बसलो.

घरी गेल्यावर मात्र तो युक्तिवाद आम्हांसच लंगडा वाटू लागला. साबळे यांना घडविले ते सैन्यात गेल्यावर, आणि तेथील प्रशिक्षकाचा पगार सरकार देते. आवारे यांनाही गाव सोडून पुण्याच्या तालमीत राहावे लागले. ज्या गावच्या तालमीची आठवण आपण हळवे होऊन काढतो, ती तरी फुकट कोठे होती? हौद्यातील तांबड्या मातीला तेल, ताक, लिंबू, हळद लागे. ती वर्गणीतून येई. वस्तादांना फी नव्हती. पण नारळ, फेटा आणि सुगीला धान्य पोचते होई. दूधतुपाचा खुराक घरचा, आणि तो पोसणाऱ्या बापाला त्याचा हिशेब तोंडपाठ असे. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्याचे पथक 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. तेही काही वाऱ्यावर गेले नव्हते. शिकविणाऱ्याच्या पोटाची सोय कुणीतरी करावीच लागते. पूर्वी ती गाव करी, आता ज्याची त्याने करावयाची, एवढाच फरक.

आणि त्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत आपल्या किती आजी, मावश्या गेल्या? एकही नाही. या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येणार आहो.

आता आमची स्वतःची फजिती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तातील साखर वाढल्याचे सांगितले, त्या धास्तीने आम्ही शहरातील एका वर्गात तीन महिन्यांचे 2,400 रुपये एकदम भरले. आगाऊ भरल्यास थोडी सवलत होती. सवलत दिसली की आपला हात आखडत नाही. त्या तीन महिन्यांत लग्ने आली, पावसाचा आठवडा आला, एक वर्षश्राद्ध आले. आम्ही मोजून 11 दिवस गेलो. म्हणजे दर दिवशी सुमारे 218 रुपये! तेवढ्यात घरची भाजी आली असती. शिकविणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. तो रोज वेळेवर हजर असे.

हा आमचाच आळस, असे वाटत होते. पुढे वाचनात आले, की अमेरिकेतील दोन अर्थशास्त्रज्ञांनी तेथील तीन व्यायामशाळांतील सात हजारांहून अधिक सभासदांची हजेरी तपासून 2006 साली एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला 70 डॉलरहून अधिक फी भरणारे सभासद सरासरी चारच्या थोडे वर वेळा जात. दर खेपेस त्यांना 17 डॉलरहून अधिक पडत. दहा खेपांचा पास घेतला असता तर 10 डॉलरांत काम झाले असते. भरते वेळी प्रत्येकाला आपण रोज जाऊ असेच वाटते. बीड काय आणि बोस्टन काय!

तेव्हा फी जास्त की कमी, यापेक्षा आपण किती दिवस जाणार, हा खरा प्रश्न आहे. शरीराचा हिशेबही तसाच आहे. स्नायू काम करू लागले की रक्तातील साखर ओढून घेतात, आणि इन्सुलिनचा गुण वाढतो. पण हा परिणाम एक ते तीन दिवसांत ओसरतो. म्हणून मधुमेहाच्या माणसाने लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पाडू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. रविवारी दोन तास घाम गाळून आठवडाभर गादीवर बसणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी हे ध्यानी घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचे आहे, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. पहाटे खंडोबाच्या टेकडीकडे झपझप चालत गेल्याने पहिला भाग फुकटात साधतो. ज्याचा तो नेम सुटत नाही, त्याने एक पैसाही देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रसार केला, त्यांनाही सतरंजीपलीकडे काही लागत नाही.

मग आमचे मत बदलले कशाने? आमच्या सौभाग्यवतींमुळे. त्यांचे गुडघे दुखत. फिरावयास जाण्याचा नेम त्यांनी चार वेळा धरला आणि चारही वेळा मोडला. कधी पाहुणे, कधी गॅस संपला, कधी आमचाच चहा. फुकटच्या फिरण्याला घरात कुणी काम मानीत नाही. ते उद्यावर ढकलता येते. पुढे त्या शेजारच्या गल्लीतील बायकांच्या वर्गात जाऊ लागल्या. तेथे फी भरलेली, आणि सहा वाजता दोघी मैत्रिणी दारात उभ्या. त्यानंतर पाहुण्यांसमोरही त्या म्हणू लागल्या, "पैसे भरलेत, जायला हवं." या वाक्याला आमच्या घरात कुणापाशी उत्तर नव्हते. चहा आम्ही करू लागलो. वर्षभरात त्यांचे गुडघे अगदी बरे झाले असे नाही, पण माडीचा जिना त्या आता कठड्याला न धरता चढतात. तालमीने जे आमच्या आजीला दिले नाही ते त्या आठशे रुपयांनी दिले: रोजचा एक तास, ज्यावर घरातील दुसऱ्या कुणाचा हक्क नाही.

म्हणून अर्जाला आमचा पाठिंबा आहे. मात्र डोळे उघडे ठेवून. फी महिन्याचीच घ्यावी, वर्षाची आगाऊ नको. पहिले तीन दिवस पाहण्यासाठी मोकळे असावेत. शिकविणारा किंवा शिकविणारी पहिल्या दिवशी रक्तदाब, गुडघे, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांची चौकशी करते की नाही, हे पाहावे. जेथे कर्णकर्कश गाणे लावून साठ वर्षांच्या बाईलाही विशीतल्या मुलीइतक्याच उड्या मारावयास लावतात, तेथून चपला घालून परत यावे. छातीत दुखणाऱ्याने आधी डॉक्टर गाठावा.

सभागृहाचे भाडे या वर्गाकडून घेऊ नये, अशी आमची सूचना आहे, म्हणजे फी निम्म्यावर येईल. आणि ज्या भगिनींना तीही जड आहे त्यांची फी विद्यार्थी-निधीप्रमाणेच नाव न फोडता मंडळाने भरावी. खजिनदारांनी यास अद्याप होकार दिलेला नाही. सकाळी सहाची वेळ भगिनींना द्यावी. पुरुषांनी संध्याकाळची घ्यावी. सभागृहाची किल्ली सध्या ज्यांच्याकडे असते ते आठाच्या आत उठत नाहीत, तेव्हा दुसरी किल्ली करून घ्यावी लागेल. तिचा खर्च आम्ही देतो.