मुलांसाठी लिहिणारा शिक्षक



शाळेतल्या शिक्षकाने मुलांसाठी पुस्तक लिहावे असे कोणी सुचविले, की दोन आक्षेप हटकून निघतात. लेखनाची देणगी उपजत असावी लागते, हा पहिला. आणि मास्तर लिहायला बसला की गोष्टीच्या नावाखाली उपदेशाचा काढा पाजतो, हा दुसरा.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. ‘अतिवृष्टीमुळे नदीस महापूर आला’ असे मास्तर लिहितो. त्याच्याच वर्गातले पोर पूर पाहून येते आणि सांगते, ‘गुरुजी, पाणी पारापर्यंत आलं होतं, म्हशींची नुसती शिंगं दिसत होती!’ पुस्तकात उतरायला हवे ते हे दुसरे वाक्य. ते शिक्षकाच्या कानावर रोज पडते. कागदावर मात्र येत नाही. म्हणून शिक्षकाला लेखन शिकवायचे म्हणजे अलंकार शिकवायचे नव्हेत, तर कान उघडा ठेवायला शिकवायचे.

टॉलस्टॉय हे वर्गातल्या मुलांकडून शिकले. त्यांनी 1859 मध्ये यास्नाया पोल्याना या आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तेव्हा लेखक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. एकदा एका म्हणीवरून गोष्ट रचताना फेदका आणि सेमका ही दोन पोरे त्यांच्याबरोबर बसली. गोष्टीतल्या एका गावकऱ्याच्या अंगावर बायकी कोट आहे, असे फेदकाने सुचविले. वरवर पाहता बारीकसा तपशील. पण तेवढ्याने तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला. लिहायला कोणी कोणाकडून शिकावे, असा प्रश्नच टॉलस्टॉय यांनी 1862 मध्ये लेखाच्या मथळ्यात विचारला. पुढे 1872 मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘आझबुका’ हे पहिले पुस्तक काढले. आणि तेवढ्यावर न थांबता 1875 मध्ये ते नव्याने सिद्ध केले.

इतके दूर जायलाही नको. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढीत. समोर बसणारी मुलेच वाचक! ‘श्यामची आई’ 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली खरी. पण रात्रीमागून रात्र गोष्ट सांगणारा तिच्यातला आवाज या सवयीतूनच घडला असावा, असे मला वाटते. पहिल्या आक्षेपाला याहून निराळे उत्तर नको. देणगी असेलही, तिला रोजचा वाचक मिळाला, हे विसरू नये.

मग साहाय्य कसे करावे? चारपाच शिक्षकांनी पंधरवड्यातून एकदा एकत्र बसावे. गोष्ट आधी वर्गात तोंडी सांगावी, मग लिहावी. लिहिलेली गोष्ट दुसऱ्याने आपल्या वर्गात वाचावी आणि लेखकाने मागच्या बाकावर मुकाट्याने बसावे. मुले कोठे चुळबुळ करतात, कोणत्या शब्दापाशी अडतात, कोठे ‘पुढे काय?’ म्हणतात, एवढेच टिपावे. शेवटचे तात्पर्य एकदा खोडून पाहावे; गोष्ट त्यावाचून उभी राहिली तर ते नकोच होते. अशा तीन वर्गांतून उतरलेली गोष्ट हाताने लिहून, मुलांकडून चित्रे काढून घेऊन, वर्गाच्या कपाटात ठेवावी. छापखान्याचा विचार नंतर.

यात खर्च थोडा, पण वेळ लागतो. आणि तोच शिक्षकापाशी नसतो. याद्या, तक्ते, जनगणना, निवडणूक यांतून उरलेल्या वेळात तो शिकवतो. त्याला आठवड्याचा एक मोकळा तास द्या, असे शाळा चालविणाऱ्यांना सांगण्याचे काम आपणा नागरिकांचे आहे. तो तास नाही मिळाला तर पुस्तके निघतील, नाही असे नाही. पण ती आपले मूल कधी न पाहिलेल्या माणसाने लिहिलेली असतील, आणि पाड्यावरच्या किंवा वाडीवरच्या पोराला आपल्या गावची नदी पुस्तकात कधीच भेटणार नाही.