सामाईक यादी आणि घरबसल्या खरेदी

माल पाहून, हाताळून घ्यावा ही आपली जुनी रीत. आंबा उचलायचा, देठापाशी नाक न्यायचे, भाव करायचा, आणि नाही पटले तर पुढच्या टोपलीकडे वळायचे. आता ही टोपली मोबाइलमध्ये आली आहे. येवल्याचा विणकर, देवगडचा बागायतदार, सांगलीकडचा हळदवाला, सगळे घरबसल्या माल पाठवतात. पण तिथे ना नाक चालत, ना बोट. मग खात्री कशी करायची? यावर लोकांनीच एक युक्ती काढली आहे. ओळखीचे पाचपन्नास लोक मिळून एक यादी करतात. कोण काय विकतो, कुठला आहे, फोन कोणता, भाव काय, आणि आपल्यापैकी कोणी घेऊन पाहिले आहे का. ही यादी कोष्टकाच्या रूपात मोबाइलवर असते. तिला ‘शीट’ म्हणतात. ज्याच्याकडे दुवा असेल तो ती उघडून पाहतो. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

ही कल्पना अगदीच नवी आहे असे मात्र समजू नका. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली, तेव्हापासून शेजारपाजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याच्या सामानाची यादी भरत आणि माल एकदम मागवून आपसांत वाटून घेत आली आहेत. तिथे कागद होता, इथे काच आहे, एवढेच.

या नव्या यादीला जोर आला तो २०२० साली. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि नेमका तोच हापूसचा हंगाम. झाडावर फळ तयार, मुंबई-पुण्याचे बाजार कधी उघडे तर कधी बंद. फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून राज्याने २०१६ सालीच मोकळा केला होता, त्यामुळे थेट विकायला कायद्याची आडकाठी नव्हती. शहरातल्या सोसायट्यांनी बागायतदारांचे फोन गोळा केले, याद्या केल्या, पेट्या मागवल्या. एस.टी. महामंडळानेही त्याच वर्षी मालवाहतूक सुरू केली. टाळेबंदी उठली, याद्या राहिल्या.

आता हापूसचेच उदाहरण पुढे चालवू, कारण त्यात सगळ्या खाचाखोचा येतात. ‘देवगड हापूस, पेटी दोन हजार, उत्तम माल’ एवढेच यादीत लिहिले असेल, तर ते लिहून काही उपयोग नाही. पेटी चार डझनांची की सहा डझनांची? पेटी तेवढीच असते. डझन कमी तेवढे फळ मोठे. फळ साधारण किती ग्रॅमचे? गाडीभाडे धरून की वेगळे? आणि मुख्य म्हणजे, ‘उत्तम’ म्हणणारा कोण? विकणाराच असला तर त्याच्या ‘उत्तम’ला किती मोल द्यायचे, हे बाजारात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे असे, की यादीतला सर्वांत मोलाचा रकाना भावाचा नाही. कोणी घेतले, कोणत्या तारखेला घेतले आणि पेटी उघडल्यावर काय निघाले, हा तो रकाना. ‘१२ एप्रिलला चार डझन घेतले, तीन फळे डागी निघाली, फोटो पाठवल्यावर त्यांनी तिघांचे पैसे परत केले.’ अशी एक ओळ पंचवीस ‘छान छान’ शेऱ्यांना भारी आहे. तीत माल कळतो आणि माणूसही कळतो. तारखेवाचून शेरा मात्र फसवा. दोन वर्षांपूर्वी चोख असलेला विक्रेता आज बाहेरचा माल भरत असेल, आणि तेव्हाचे कौतुक अजून त्याच्या नावापुढे चिकटलेले असेल.

एक सूक्ष्म गोष्टही सांगतो. हापूसमध्ये साका होतो. वरून फळ देखणे, कापले की आत पांढरट, स्पंजासारखा गर. तो बाहेरून बागायतदारालाही दिसत नाही. तेव्हा साक्याची एखाददुसरी फोड निघाली म्हणून त्याच्या नावापुढे ‘फसवतो’ लिहिणे हा अन्याय आहे. साका होता की फळ सडके होते, की परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत घातला होता, हे निराळे निराळे लिहायला हवे. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याखाली नोंदलेल्या उत्पादकाला नोंदणी क्रमांक असतो. तो विचारावा आणि यादीत लिहावा. खऱ्या बागायतदाराला असे विचारल्याचा राग येत नाही.

आता यादी बिघडते कशी ते ऐका. शिक्षकबंधू-भगिनींना हे चटकन कळेल. हजेरीपटात मुलांच्या नावांचा रकाना जागच्या जागी ठेवून गुणांचा रकाना तेवढा वरखाली केला तर काय होईल? शीटमध्ये अगदी हेच घडते. कोणीतरी ‘स्वस्त आधी’ म्हणून एकट्या भावाच्या रकान्याला क्रम लावतो, बाकीचे रकाने जागीच राहतात, आणि एकाचा भाव दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतो. क्रम लावायचा तो सगळा तक्ता धरूनच. दुसरे आकड्यांचे. बँकेच्या खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर ते पहिले शून्य शीट गिळून टाकते. एक्सेलमध्ये तर सोळा आकडी क्रमांक लिहिला की शेवटच्या आकड्याचे शून्य होते. खाते क्रमांक यादीत मुळी लिहूच नये, हे उत्तम. तो विक्रेत्याकडूनच घ्यावा.

याहून वाईट गोष्ट म्हणजे मुद्दाम केलेला बदल. यादी सर्वांना बदलता येईल अशी उघडी ठेवली, तर एखादा भामटा चांगल्या बागायतदाराचे नाव तसेच ठेवील आणि फोन क्रमांक तेवढा स्वतःचा घालील. नाव ओळखीचे, शेरे खरे, पैसे मात्र तिसऱ्याच्या खिशात. यावर उपाय आहे. गुगलच्या शीटमध्ये नुसते पाहण्याचा, शेरा लिहिण्याचा आणि बदल करण्याचा असे वेगवेगळे अधिकार देता येतात. बदलाचा अधिकार दोघातिघांनाच द्यावा, इतरांना शेरा लिहू द्यावा. संगणकावर उघडले तर पूर्वीच्या आवृत्त्यांचा इतिहासही दिसतो. कोणी, केव्हा, काय बदलले ते पाहता येते आणि जुने परत आणता येते. हा इतिहास अधूनमधून चाळणारा एक माणूस यादीला पाहिजे. गावात हे काम शिक्षकाइतके नीट कोण करील? वाण्याकडे सोपवाल तर त्याला आपलाच माल वर दिसावासा वाटणार, त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

पूर्वी व्ही.पी.ने माल येई, पोस्टमन दारात उभा राही आणि पैसे त्याच्या हातात पडत. आता बहुधा पैसे आधी आणि पेटी मागून. म्हणून पहिल्या वेळी डझन-दोन डझनच मागवा. पैसे पाठवण्याआधी समोरच्याचे बँकेतले नाव पडद्यावर उमटते. ते यादीतल्या नावाशी ताडून पाहा. जुळले नाही तर थांबा, विचारा. घरच्या दुसऱ्या कोणाचे खाते असेल तर तो तसे सांगेल. आणि पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ‘परतीचे पैसे देतो, पिन टाका’ असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर तासभरही न दवडता १९३० या क्रमांकावर कळवा. माल खराब निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांक आहे. यादी करणाऱ्या शेजाऱ्याशी भांडून काही निष्पन्न होत नाही. त्याने माल विकलेला नाही.

मागणी गोळा करताना पुष्कळ ठिकाणी घरचे पत्ते आणि फोन त्याच उघड्या शीटमध्ये लिहितात. हे बरे नव्हे. एकटी राहणारी बाई कुठल्या मजल्यावर राहते, हे अनोळखी माणसाला कळण्याचे काय कारण? पत्ते फक्त मागणी पाठवणाऱ्याकडे वेगळ्या पानावर असावेत.

शेवटी, जे शेतकरी बंधू आणि बचतगटाच्या भगिनी माल विकणाऱ्या बाजूला आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. अशा यादीत नाव आले की एका रात्रीत शंभर पेट्यांची मागणी येते आणि घरात चाळीसच असतात. उरलेल्या साठ शेजारच्या बागेतून घेणार असाल, तर तसे आधी सांगा. गिऱ्हाईक हो म्हणते. चाळिसांवर थांबलात तरी यादीवाल्यांना ‘या हंगामाचा माल संपला’ असे कळवा, म्हणजे तुमच्या नावापुढे तशी तारीख पडेल. नाहीतर पुढचा माणूस फोन करकरून थकतो आणि ‘उत्तर देत नाही’ असा शेरा लिहून मोकळा होतो. आंबा सरला की यादीवाल्यांनीही त्या वर्षाचे पान बंद करून बाजूला ठेवावे आणि कोकमासाठी, काजूसाठी नवे पान कोऱ्या शेऱ्यांनी सुरू करावे. बागायतदार बहुतेक तेच असतात.