ऑनलाइन विपणन आणि संकेतस्थळाची रचना



१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता मिळाली. २०१६ साली आलेल्या यूपीआयमुळे अगदी लहान रकमेचा व्यवहारही मोबाईलवरून करता येऊ लागला. संपर्काचे जाळे, कायद्याचा आधार आणि पैसे चुकते करण्याचे साधन या तिन्ही गोष्टी अशा रीतीने लहान उत्पादकाच्या आवाक्यात आल्या. मात्र संकेतस्थळ सुरू केले म्हणजे विक्री सुरू झाली, असे होत नाही. जाहिरात ग्राहकाला संकेतस्थळापर्यंत आणते. त्यापुढे तो खरेदी करतो की परत फिरतो, हे बहुतांशी संकेतस्थळाच्या रचनेवर ठरते. रचना म्हणजे केवळ रंगसंगती व सजावट नव्हे. माहितीची मांडणी, पान उघडण्याचा वेग, भाषा, किंमत सांगण्याची पद्धत आणि तक्रारीची सोय या सर्वांचा तीत समावेश होतो.

हातमागाचे उदाहरण

चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात सुमारे ३५.२२ लाख हातमाग विणकर व पूरक कामगार आहेत. त्यांच्या मालाची विक्री परंपरेने दुकानातील गादीवर होत आली आहे. तेथे दुकानदार साडी उलगडून दाखवतो, ग्राहक पोत हाताने पाहतो, काठ उलटा करून पारखतो आणि मनातील शंका विचारतो. संकेतस्थळावर यातील काहीच शक्य नसते. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरावरील नक्षी मागील बाजूनेही पुढच्यासारखीच दिसते, ही जाणकारांची परीक्षा होय. साडीच्या मागील बाजूचे छायाचित्र संकेतस्थळावर नसेल, तर अस्सल पैठणी आणि यंत्रमागावरील नक्कल यांत ग्राहकाला फरक करता येत नाही. मग तो स्वस्त वस्तू निवडतो आणि विणकराच्या कौशल्याचे मोल बुडते.

म्हणून अशा संकेतस्थळावर साडीची व ब्लाऊजच्या कापडाची लांबी, धाग्याचा व जरीचा प्रकार, धुण्याची पद्धत आणि घरपोच पोहोचण्यास लागणारे दिवस स्पष्ट दिले पाहिजेत. पडद्यावरील रंग प्रत्यक्षात थोडा वेगळा दिसू शकतो, हेही आधीच सांगावे. २००४ साली सुरू झालेला सिल्क मार्क आणि २००६ साली सुरू झालेला हँडलूम मार्क यांपैकी जे प्रमाणचिन्ह मिळाले असेल, ते वस्तूच्या पानावरच दाखवावे. दुकानदार तोंडी देत असलेली उत्तरे येथे रचनेने द्यायची असतात.

अतिसजावटीची किंमत

रचनेकडे दुर्लक्ष झाले तर भरपूर भांडवलही उपयोगी पडत नाही, हे बू डॉट कॉम या कंपनीने दाखवून दिले. लंडनमधून चालणारी ही कंपनी फॅशनचे कपडे व पादत्राणे विकत असे. नोव्हेंबर १९९९ मध्ये तिचे संकेतस्थळ सुरू झाले. वस्तू सर्व बाजूंनी फिरवून दाखवणारी चित्रे आणि ग्राहकाशी बोलणारी आभासी विक्रेती ही त्याची वैशिष्ट्ये होती. परंतु त्या काळी बहुतेक घरांत दूरध्वनीच्या तारेवरून चालणारे मंदगती इंटरनेट होते. पाने उघडण्यास फार वेळ लागे आणि ग्राहक कंटाळून निघून जात. सुमारे १३.५ कोटी डॉलर खर्चून मे २००० मध्ये कंपनी बंद पडली. अवाढव्य खर्च आणि एकाच वेळी अनेक देशांत केलेला विस्तार हीदेखील या अपयशाची कारणे होती. तरीही ग्राहकाकडील साधन कोणते आहे, याचा विचार न करता केलेली रचना हे त्यातील एक मुख्य कारण मानले जाते.

वेगाचे गणित

भारतात हा धडा आजही लागू आहे. येथील असंख्य ग्राहकांचे इंटरनेटशी नाते मोबाईलमधूनच जुळले. त्यांपैकी अनेकांचा फोन कमी किमतीचा असतो आणि गावाकडे जोडणीचा वेगही कमी-जास्त होत राहतो. मोबाईलवर काढलेले एक छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे असते. सेकंदाला १ मेगाबिट एवढाच वेग मिळत असल्यास ते उघडण्यास ३२ सेकंद लागतात, कारण एका बाइटमध्ये ८ बिट असतात. तेच छायाचित्र २०० किलोबाइटपर्यंत लहान केल्यास पावणेदोन सेकंदांच्या आत दिसते. एका पानावर अशी वीस छायाचित्रे असतील, तर पहिल्या प्रकारात दहा मिनिटांहून अधिक आणि दुसऱ्या प्रकारात सुमारे अर्धा मिनिट लागेल. या सुधारणेसाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नसते.

पानावरील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. पान उघडत असताना मजकूर वर-खाली सरकू नये, असाही निकष आहे. कारण त्यामुळे ग्राहकाचे बोट भलत्याच बटणावर पडते.

भाषा आणि शोध

भारतीय भाषांतील अनेक आरंभीच्या संकेतस्थळांवर युनिकोडचा वापर नव्हता. विशिष्ट फाँट संगणकात नसेल, तर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. काही ठिकाणी मजकूर चित्राच्या रूपात ठेवला जाई. असा मजकूर शोधयंत्राला अक्षरांच्या रूपात मिळत नाही. त्यामुळे ‘येवल्याची पैठणी’ असा शोध घेणाऱ्या ग्राहकाला येवल्यातील विणकराचे दुकान सापडत नसे. युनिकोडमुळे ही अडचण दूर झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी लिपीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम उपलब्ध झाल्याने संकेतस्थळाचा पत्ताही मराठीत देता येऊ लागला. तरीही वस्तूचे नाव व किंमत चित्रातच लिहिण्याची सवय अनेक ठिकाणी टिकून आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा असलेल्या देशात ग्राहकाच्या भाषेतील मजकूर हा बाजारपेठ विस्तारण्याचा मार्ग ठरतो.

विश्वास आणि कायदा

अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे द्यायचे असल्याने ऑनलाइन खरेदीत विश्वासाला विशेष महत्त्व आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम लागू झाले. विक्रेत्याचे कायदेशीर नाव व पत्ता, एकूण किंमत व तिचा तपशील, वस्तू परत करण्याच्या व पैसे परत मिळण्याच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क ही माहिती देणे त्यानुसार बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात व्हावे लागते. ग्राहकाच्या संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवण्यासही मनाई आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. वस्तू संपत आल्याचा खोटा भास निर्माण करणे, ग्राहकाच्या नकळत खरेदीच्या यादीत एखादी वस्तू घालणे आणि छुपे शुल्क शेवटच्या टप्प्यावर उघड करणे हे त्यांपैकी काही होत. रचनेचा वापर ग्राहकाच्या मदतीसाठी होतो तसाच फसवणुकीसाठीही होऊ शकतो, याची ही अधिकृत दखल आहे. ज्या लहान विक्रेत्याला ओळखीचे नाव नाही, त्याला प्रामाणिक रचनेची गरज अधिक असते. एकदा फसलेला ग्राहक त्याच्याकडे परतत नाही.

सर्वांसाठी सुगमता

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगमतेची तरतूद आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला. दृष्टिहीन ग्राहक मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने खरेदी करतो. छायाचित्राला शब्दांत वर्णन जोडलेले नसेल, तर त्याच्यासाठी ते पान कोरेच राहते. आंतरराष्ट्रीय सुगमता निकषांनुसार सामान्य मजकूर व पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचा फरक किमान ४.५ : १ असावा लागतो. वयोवृद्धांना आणि भर उन्हात मोबाईल पाहणाऱ्यालाही याचा लाभ होतो.

पुढील दिशा

प्रत्येक विणकराने वा कारागिराने स्वतंत्र संकेतस्थळ उभारलेच पाहिजे असे नाही. २०१६ साली सुरू झालेली शासकीय ई-बाजारपेठ ‘जेम’, डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेले ‘ओएनडीसी’ हे खुले जाळे आणि खासगी मंच असे पर्याय उपलब्ध आहेत. मात्र तेथेही वस्तूचे पान भरावेच लागते. अस्पष्ट छायाचित्र व अपुरी माहिती असलेला माल तेथेही मागे पडतो. परक्या मंचावर अटी व शुल्क मंच ठरवतो आणि ग्राहकाशी थेट नातेही सहसा जुळत नाही. त्यामुळे शक्य तेथे स्वतःचे संकेतस्थळ असणे हिताचे ठरते.

एकट्या कारागिराला हा भार पेलणे कठीण आहे. विणकर सहकारी संस्था, बचत गटांचे महासंघ आणि उद्योग समूह यांनी एक छायाचित्रकार, एक भाषांतरकार व एक तंत्रज्ञ सामाईकपणे नेमल्यास खर्च विभागला जाईल. संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी ते काही ग्राहकांच्या हाती देऊन खरेदी करून पाहण्यास सांगावे आणि ते कोठे अडतात याची नोंद घ्यावी. पाच जणांच्या अशा चाचणीतूनही बहुतेक दोष उघड होतात, असे या विषयातील तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० साली मांडले होते.

डिजिटल बाजारपेठेचा लाभ उत्पादकापर्यंत पोहोचणार की मधल्या मंचापाशीच थांबणार, हा विकासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रशिक्षण व अर्थसाहाय्याच्या योजना आखताना संगणक आणि जोडणी यांच्या बरोबरीने संकेतस्थळाच्या रचनेसाठीही तरतूद केली, तरच या प्रश्नाचे उत्तर उत्पादकाच्या बाजूने मिळू शकेल.