निर्मिलेली अभिजात भाषा : क्वेन्याचा इतिहास व व्याकरण

(भाषा-अभ्यासाच्या पदवी वर्गातील विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून ‘अभिजात’ हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात आला आहे. परंतु भाषा अभिजात होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो. आज या प्रश्नाकडे मी थोड्या आडवाटेने जाणार आहे. ज्या भाषेत कोणत्याही मातेने अंगाई म्हटली नाही, जी एका प्राध्यापकाने आपल्या टेबलापाशी बसून रचली, आणि जिला त्याने मुद्दाम ‘प्राचीन व अभिजात’ असे रूप दिले, अशा एका भाषेची ओळख मी करून देणार आहे. तिचे नाव क्वेन्या.

तिचा निर्माता जॉन रोनाल्ड रुएल टॉल्किन. जन्म ३ जानेवारी १८९२, दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे. शिक्षण इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम व ऑक्सफर्ड येथे. लॅटिन आणि ग्रीक त्याने शाळेत आत्मसात केल्या; गॉथिक, वेल्श आणि फिनिश या भाषांचा त्याला छंदच जडला. फिनिश भाषेचे व्याकरण विद्यार्थिदशेत त्याच्या हाती पडले आणि त्या भाषेच्या नादाने तो भारून गेला. १९१५ च्या सुमारास त्याने आपल्या भाषेचा पहिला शब्दसंग्रह व ध्वनिविचार लिहावयास घेतला. पुढे ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या कार्यालयात त्याने काही काळ काम केले, आणि १९२५ पासून १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होता. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्याची कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली व जगभर गाजली. मात्र कथा आधी व भाषा नंतर असा क्रम येथे नाही. भाषांना राहावयास एखादे जग हवे, म्हणून कथा जन्मास आल्या, असे टॉल्किन स्वतःच सांगत असे.

भाषा रचणारे इतरही झाले. डॉ. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये एस्परांतो प्रसिद्ध केली. तिचा हेतू जगातील लोकांना परस्परांशी बोलता यावे हा होता. म्हणून तिचे व्याकरण सोपे व अपवादरहित आहे. टॉल्किनची दृष्टी अगदी निराळी. भाषेला इतिहास असलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्याने प्रथम एक आदिभाषा कल्पिली, तिचे धातू ठरविले, आणि मग ध्वनिपरिवर्तनाचे नियम लावून तिच्यापासून निरनिराळ्या भाषा उत्पन्न केल्या. त्यांपैकी क्वेन्या आणि सिंदारिन या दोन प्रमुख होत.

उदाहरण पाहा. झाड या अर्थाचा आदिभाषेतील शब्द ‘गलदा’. क्वेन्येत आरंभीचा ‘ग’ लोपला, मधला स्वर गळाला, आणि ‘आल्दा’ झाले. सिंदारिनमध्ये ‘ग’ टिकला, शेवटचा स्वर गेला, ‘द’ मृदू झाला, आणि ‘गलध’ झाले. हे वाचून आपणांस काही आठवते का? हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. अद्य, अज्ज, आज. संस्कृतातून महाराष्ट्री प्राकृतात व तेथून मराठीत शब्द ज्या शिस्तीने आले, तीच शिस्त टॉल्किनने आपल्या कल्पित भाषांना लावली. फरक एवढाच, की आपल्या पूर्वजांनी हे नियम न जाणता दीड-दोन हजार वर्षे बोलून घडविले. त्याने ते जाणून एका आयुष्यात लिहून काढले.

आता व्याकरणाकडे वळू. क्वेन्या ही प्रत्ययप्रधान भाषा आहे. ‘किर्या’ म्हणजे जहाज. ‘किर्यान’ म्हणजे जहाजासाठी, ‘किर्यानेन’ जहाजाने, ‘किर्यास्से’ जहाजात, ‘किर्यान्ना’ जहाजाकडे, ‘किर्याल्लो’ जहाजापासून. विभक्तींची ही समृद्धी फिनिशची आठवण करून देते. संस्कृतातल्याप्रमाणे येथे द्विवचन आहे : ‘किर्यात’ म्हणजे दोन जहाजे, ‘किर्यार’ म्हणजे जहाजे. कर्त्याचे सर्वनाम क्रियापदाच्या अंती प्रत्ययरूपाने येते; आपण ‘जातोस’ म्हटले की ‘तू’ वेगळे सांगावे लागत नाही, तसेच.

लिपीचा भाग तर मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. टॉल्किनच्या ‘तेंग्वार’ या लिपीत व्यंजनांची मांडणी उच्चारस्थान व उच्चाररीती यांनुसार आहे. आपण क-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग पाठ करतो तीच ही पद्धत. स्वर बहुधा व्यंजनावर चिन्हाने दाखविले जातात. क्वेन्येत ‘अ’ हा स्वर वारंवार येत असल्यामुळे त्याचे चिन्ह पुष्कळदा गाळतात, आणि दिवा या अर्थाचा ‘काल्मा’ हा शब्द केवळ तीन व्यंजनांनीही लिहिता येतो. देवनागरीतील व्यंजनात ‘अ’ अध्याहृत असतो, हे आपणांस ठाऊकच आहे.

कथेतही क्वेन्येला तिच्या स्थानास साजेसा इतिहास आहे. ती बोलणारे लोक निर्वासित होऊन दुसऱ्या देशी येतात, तेथील राजा तिच्या वापरास बंदी घालतो, आणि हळूहळू ती घरातून उठून समारंभात, गीतात व ग्रंथात जाऊन बसते. कथेच्या अखेरच्या युगात ती कोणाचीही जन्मभाषा उरत नाही. टॉल्किन तिला आपली ‘लॅटिन’ समजत असे. अभिजातपणाची ही एक बाजू त्याने अचूक ओळखली होती : मान वाढतो, पण बोलणारे कमी होत जातात.

मित्रहो, २ सप्टेंबर १९७३ रोजी टॉल्किन निवर्तला, तेव्हा जवळजवळ साठ वर्षे खपूनही क्वेन्येचे व्याकरण अपुरेच होते. तो नियम सारखे बदलीत राहिला. त्याला थांबवू शकेल असा एकही जन्मभाषक नव्हता. ‘असे आमच्यात कोणी म्हणत नाही’ असे सांगणारी एखादी आजी तेथे नव्हती. मराठीचे तसे नाही. नाणेघाटातील प्राकृत लेख, गाथासप्तशती, वररुचीचा ‘प्राकृतप्रकाश’, १८३६ मधील दादोबा पांडुरंगांचे व्याकरण, १९११ मधील मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ ही परंपरा बोलणाऱ्या माणसांच्या साक्षीने उभी राहिली आहे. व्याकरणकाराने नियम सांगितला आणि लोकांनी तो मानला अथवा झुगारला.

आता आपल्याच राज्याकडे पाहा. मेळघाटात मुंडा कुळातील कोरकू बोलली जाते. गडचिरोली-चंद्रपूरकडे द्राविडी कुळातील गोंडी. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात निहाली बोलणारे थोडे लोक आहेत, आणि तिचे नाते कोणत्याही भाषाकुलाशी निर्विवादपणे जोडता आलेले नाही. क्वेन्येचे शब्द उलगडण्यात जगभरचे अभ्यासक रमतात. तिच्या निर्मात्याची टिपणे त्याच्या पश्चात काळजीपूर्वक संपादून छापली जातात. त्या आस्थेचा मला आदरच वाटतो. पण टॉल्किनचे कागद उद्याही जागेवर राहतील. निहाली बोलणारी वृद्ध स्त्री मात्र उद्या असेलच असे नाही, आणि तिच्याबरोबर गेलेला शब्द कोणत्याही ध्वनिनियमाने परत घडविता येणार नाही.

म्हणून तुमच्यापैकी प्रत्येकास माझे सांगणे एवढेच आहे : या सुटीत आपल्या गावी गेलात की एक वही सोबत ठेवा. आजीच्या तोंडचे शेतीचे, स्वयंपाकाचे, आजाराचे, नात्यांचे शब्द लिहून घ्या. कोण बोलले, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी, याचीही नोंद करा. एका माणसाने नसलेल्या भाषेसाठी साठ वर्षे दिली; असलेल्या भाषेसाठी आपण एक सुटी देण्यास हरकत नसावी.