उंच वाळवंटात मोटारसायकल का अडते?

लडाखला शीत वाळवंट म्हणतात. परंतु जुलै महिन्यात भर दुपारी मोरे पठारावर मोटारसायकलच्या टाकीला हात लावणाऱ्यास हे नाव अर्धेच खरे वाटते. वारा गार असतो. पण सुमारे ४,७०० मीटर उंचीवरील विरळ हवेतून येणारे ऊन पत्रा चटका बसेल इतका तापवते. उंची आणि उष्णता अशी एकत्र आली, की कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत इंधनाचे दोन दोष संभवतात. दोहोंमुळे इंजिन अडते. कारणे मात्र परस्परांच्या अगदी उलट असतात.

पहिला दोष पेट्रोल जास्त होण्याचा. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. सुमारे ५,३०० मीटर उंचीच्या तांगलांग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. हवा विरळ होते, पण जेटच्या छिद्रातून येणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही. मग इंजिन गुदमरते, धूर काळा येतो, स्पार्क प्लगवर काजळी धरते. शिवाय पेट्रोलही अधिक लागते. टांडी येथील पंपाजवळच्या फलकावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची सूचना अनेक वर्षे वाचावयास मिळे. तेथे हा अधिक खर्च क्षुल्लक नव्हे.

दुसरा दोष पेट्रोल न पोहोचण्याचा. पेट्रोलमधील हलके घटक समुद्रसपाटीला सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअसला उकळू लागतात. पाच हजार मीटरवर हा बिंदू सुमारे १५ ते २० अंशांनी खाली येतो. चढ चढून तापलेली गाडी उन्हात थांबविली, की इंजिनाची उष्णता कार्ब्युरेटर आणि नळीपर्यंत पोहोचते; तेथे वाफेचे बुडबुडे होऊन पेट्रोलची वाट अडते.

म्हणून पान्हा हाती घेण्यापूर्वी दोष ओळखावा. चढाबरोबर शक्ती हळूहळू कमी होत गेली आणि प्लग काळा निघाला, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे; प्लग व हवेची जाळी साफ करावी, लहान जेट बसवावा. थोड्या थांब्यानंतर गाडी एकाएकी बंद पडली आणि गार झाल्यावर आपोआप सुरू झाली, तर दोष वाफेचा आहे. अशा वेळी गाडी सावलीत ठेवावी, नळीवर ओले फडके गुंडाळावे, टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र मोकळे आहे की नाही ते पाहावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. धातूला तडा जाण्याचा संभव असतो. जादा पेट्रोलचा डबा काठोकाठ भरू नये आणि इंजिन निवल्यावरच, सावकाश उघडावा.

निदान चुकले तर हानी मोठी होते. वाफेमुळे अडलेल्या गाडीला लहान जेट बसविल्यास ती सुधारत नाहीच. उलट खाली उतरल्यावर दाट हवेत पेट्रोल अपुरे पडून इंजिन अतोनात तापते. उंचीसाठी बसविलेला जेटही उतरल्यावर बदलावाच लागतो.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. त्यात संवेदक हवेचा दाब मोजून पेट्रोल बेतशीर सोडतात, आणि पंपाच्या दाबामुळे ते नळीत सहसा उकळत नाही. तथापि विरळ हवेत घटलेली शक्ती ही यंत्रणा परत देत नाही. आणि जुन्या गाड्या आजही त्या खिंडी चढत आहेत. त्यांच्या स्वारांनी प्लग उघडून पाहण्याची सवय ठेवावी, हे बरे.